डायरेक्ट केलेली वायर

आमच्या भागात वायरमनला दिवसातून दहा वेळा एकच वाक्य ऐकावं लागतं, "डायरेक्ट करून द्या." स्टार्टरचं बटण बसत नाही, डायरेक्ट करून द्या. फ्यूज सारखा उडतो, जाड तार घालून डायरेक्ट करून द्या. विहिरीवरच्या मोटारीला एक डबा असतो. तीनपैकी एक फेज गेला की तो मोटार बंद करतो, म्हणजे मोटार जळत नाही. पण लाइट कुठं धड असायची? जरा कमीजास्त झाली की डबा मोटार पाडायचा, आणि शेतकरी तिकडं बांधावर फावडं घेऊन शिव्या देत बसायचा. मग तो माझ्याकडं यायचा. "मास्तर, त्या डब्याचं काय तरी करा बे. डायरेक्ट करा."

मी करायचो. दोन वायरी सोलायच्या, पिळायच्या, वर टेप. पाच मिनिटांचं काम. पुढं कधीतरी मोटार जळायची आणि बैलगाडीत पडून माझ्याच दुकानात यायची, आणि मीच ती नवी तांब्याची तार गुंडाळून भरून द्यायचो. डायरेक्ट करणारा मी, जळालेली मोटार भरणाराही मी. दिंद्रुडपासून लोक मोटारी भरायला आणायचे, आणि मला त्याचा काय ताठा होता म्हणून सांगू! आयटीआयचं प्रमाणपत्र काचेत घालून भिंतीला लावलेलं. कुणी चूक काढली की डोकं फिरायचं माझं. आजही फिरतं, पण आता तोंड बंद ठेवतो.

ही गोष्ट माझ्या बहिणीची आहे. बरीच वर्षं मी ती माझ्या मशीनची गोष्ट म्हणून सांगत आलो.

ते दिवस असे होते की रोज काहीतरी नवीन यायचं. मोंढ्याच्या कोपऱ्यावर एसटीडीची पिवळी पाटी लागली, तिच्या शेजारी कॉम्प्युटर क्लासची लागली. बाहेरच्या देशांतून कंटेनर भरभरून भंगार येऊ लागलं. मी औरंगाबादला तांब्याची तार आणायला गेलतो, तिथं एका प्रदर्शनात एक मशीन पाहिली. लाकडावर आपोआप नक्षी कोरत होती. सीएनसी म्हणतात तिला. माणूस नुसता शेजारी उभा. मी तासभर बघितली आणि मनात म्हटलं, हॅत्, एवढंच ना? हे तर मी घरी करीन.

आणि केली. भंगारातून तीन सर्व्हो मोटारी मिळाल्या, त्यांना चालवणाऱ्या डब्यांसकट. एक आडवी चालवायला, एक उभी, एक कटर वर-खाली करायला. एक जुना कॉम्प्युटर घेतला. त्याच्या प्रिंटरच्या सॉकेटातून वायरी काढून मी घरीच बनवलेल्या कार्डाला दिल्या. लोखंडी सांगाडा गावातल्याच वेल्डरकडून करून घेतला. दुकानामागच्या पत्र्याच्या खोलीत मशीन उभी राहिली तेव्हा अप्पा, म्हणजे आमचे वडील, दारात उभे राहून म्हणाले, "ही काय दळप करती का काय?"

त्याच सुमाराला बहीण घरी परत आली होती. माझ्याहून सहा वर्षांनी धाकटी. दोन वर्षं नांदली, मग नवऱ्यानं माहेरी आणून सोडली ती सोडलीच. कारण काय, तर काही नाही. आमच्या अव्वानं, म्हणजे आईनं, अंथरूण धरलं त्या दु:खानं. पण ही रडत बसणारी नव्हती. कॉम्प्युटर क्लास लावला आणि चार महिन्यांत तिथल्या मास्तरपेक्षा तिचे हात जलद चालू लागले. एक दिवस पत्र्याच्या खोलीत येऊन म्हणाली, "अण्णा, ह्याच्यावर काम करायला माणूस लागंल ना? मी बसते."

अप्पांची मोंढ्यात भुसार मालाची अडत होती. माणूस वाईट नव्हता, पण लोकांच्या तोंडाला भ्यायचा. उदगीरच्या पलीकडून एका बिजवराचं स्थळ येऊन पडलेलं होतं. कापडाचं दुकान, बायको वारलेली, एक लहान मुलगी. बहिणीला ते नको होतं. तिनं अप्पांना स्पष्ट सांगितलं, "मला आता कुणाच्या घरात जायचं न्हाई. मला काम करू द्या." अप्पा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "वर्षभर बघू. मशीन चालली, तिच्या हातानं चार कामं झाली, तर बसू दे तिला. न्हाई चालली तर मग माझं ऐकावं लागंल."

म्हणजे तिचं सगळं आयुष्य माझ्या त्या भंगाराच्या मशीनवर टांगलेलं होतं. मला हे माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायलाही मला जागा नाही.

सर्व्हो मोटार साध्या मोटारीसारखी नसते. साधी मोटार फिरते, एवढंच तिला कळतं. सर्व्होच्या मागं एक चकती असते, ती मोटार किती फिरली हे मोजून डब्याला सांगते. सांगितलं तेवढं फिरता आलं नाही, मध्ये काही अडकलं, की डबा मोटारीची लाइट तोडून तिला सोडून देतो, लाल दिवा लावतो आणि दोन वायरींवर खूण करतो की मी थांबलो, आता सगळेच थांबा. ह्या खुणेला फॉल्ट म्हणतात. मोटारींबरोबर इंग्रजी कागद आले होते. बहिणीनं डिक्शनरी घेऊन आठवडाभर ते वाचले, आणि कागदावर मला काढून दाखवलं. तिन्ही डब्यांच्या फॉल्टच्या वायरी माळेसारख्या एकात एक ओवायच्या आणि माळेची दोन टोकं कार्डावर थांबायच्या जागी जोडायची. सगळं ठीक असेल तर माळ अखंड. एकानं जरी तोडली तरी कॉम्प्युटर तिघांनाही जागच्या जागी उभं करतो. वायर तुटली, निघाली तरी मशीन थांबते. धोका नाही.

"डोकं हाय की तुला," मी म्हणालो. आणि तसंच जोडलं.

पण मशीन चालेना. म्हणजे चालायची, आणि मध्येच उभी राहायची. लाल दिवा नाही, अडकलेलं काही नाही, तरी पडद्यावर फॉल्ट. शेजारी पिठाची गिरणी होती. गिरणीचा पट्टा चढला की आमची मशीन ठप्प. मी फॉल्टची बारीक वायर मोटारीच्या जाड केबलींबरोबर एकाच पट्टीत बांधली होती, वर साधी वायर, अर्थिंग नावाला. गिरणी चालू झाली की त्या वायरीत भलताच झटका शिरायचा आणि कार्डाला वाटायचं माळ तुटली. आज हे मी पाठ म्हणून दाखवतो. तेव्हा मला एवढंच कळत होतं की दिवसातून सात-आठ वेळा काम अर्धवट राहतंय आणि दारातून जाणारे लोक हसतायत. "काय मास्तर, चहाला थांबली का मशीन?"

मला असलं बोलणं सहन होत नाही. एका दुपारी गिरणी सुरू झाली, मशीन थांबली, आणि मी पक्कड घेऊन कार्डाजवळ गेलो. माळेची दोन्ही टोकं काढली आणि त्या जागी एक छोटी वायर लावून टाकली. आता कार्डाला वाटणार, माळ अखंड आहे. कायमची.

बहीण बघत होती. "काय केलंस अण्णा?"

"डायरेक्ट केलं."

"मग खरंच अडकली तर?"

"अडकली तर मोटार थांबतीच ना आपली आपली? डबा हाय ना तिला? जळणार न्हाई ती."

"ती थांबंल, पण दुसऱ्या दोघींना कसं कळायचं? त्या तर चालतच राहतील की."

एवढ्या सोप्या शब्दांत तिनं सांगितलं होतं. पण माझी अक्कल विहिरीवर वाढलेली. विहिरीवर मोटार एकटी असते. ती वाचली म्हणजे सगळं वाचलं, शेजारी कुणी नसतं तिला. मी विचार केला तो तेवढाच, मोटार जळणार नाही, बास. आणि वर तिच्यावर खेकसलो, "तू मला मोटारी शिकवू नको. चार कागद वाचले म्हणून इंजिनीअर झालीस का?" ती पुढं दोनदा येऊन सांगून गेली की आडव्या मोटारीचा लाल दिवा क्षणभर लागून विझला. मी म्हणालो, लागू दे.

चार-पाच महिने बरे गेले. घरांच्या पाट्या झाल्या, एका लग्नासाठी चौरंग झाले. लोक बघायला यायचे आणि बहिणीकडं बघून "ही चालवती?" असं विचारायचे. अप्पाही संध्याकाळी येऊन स्टुलावर बसू लागले होते. एकदा स्वतःहून म्हणाले, "हात बसला पोरीचा." तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, पण त्या रात्री जेवताना दोन भाकरी जास्त खाल्ल्या तिनं, मला आठवतं.

मग मठाचं काम आलं. आमच्या समाजाच्या मठात गाभाऱ्याला नवीन दार बसवायचं होतं. मठाचे एक पंच मोंढ्यातलेच, अप्पांचे दोस्त. आम्ही त्यांना काका म्हणायचो. त्यांनी स्वतःच्या घरासाठी म्हणून कधीच्या काळी सागवानी फळ्या घेऊन ठेवल्या होत्या. दोन बोटं जाड, रुंद, एकसंध. त्या त्यांनी मठाला दिल्या. बहीण कागद-पेन्सिल घेऊन एसटीनं धर्मापुरीला गेली, तिथल्या जुन्या देवळाच्या खांबावरची वेल उतरवून आणली. खाली बेलाची पानं, मध्ये नंदी, वर ती वेल. सगळं तिनं कॉम्प्युटरवर काढलं, पंधरा-वीस दिवस लागून. पहिली फळी निर्वेध झाली. बघून काका म्हणाले, "कारागिराच्या घरची लेक असती तर नवल न्हवतं. अडत्याची लेक हाय ही."

दुसरी फळी कोरताना ते अप्पांना घेऊन मुद्दाम आले. सोमवार होता, काका स्नान-पूजा करून कपाळाला भस्म लावून आलेले. सकाळचे अकरा वाजले असतील. बहीण कॉम्प्युटरसमोर बसलेली, नंदीचं तोंड कोरून होत आलेलं. आणि मी? मी दारात उभा राहून त्या दोघांना माझी मशीन कशी परदेशी मशीनच्या तोडीची आहे ते सांगत होतो. पाठ मशीनकडं होती माझी.

फळीत आत गाठ होती. कटर गाठीला भिडला, आडव्या मोटारीला जोर पुरला नाही, तिच्या डब्यानं तिला सोडून दिलं. डब्यानं खूण केली. ती खूण कुठंच गेली नाही, कारण मी तिथं वायर लावून ठेवली होती. बाकीच्या दोघी चालत राहिल्या. कटर खाली दबला आणि सरळ रेषेत नांगरासारखा ओढत निघाला, नंदीच्या डोळ्यातून, मानेवरून, खालच्या बेलाच्या पानांपर्यंत.

"अण्णा!" बहीण ओरडली आणि तिनं एस्केपचं बटण दाबलं. मशीन थांबली.

मी वळलो. तुम्हाला वाटेल मी आधी फळी पाहिली. नाही. मी आधी डब्याकडं पाहिलं. लाल दिवा लागलेला होता. एका क्षणात सगळं कळलं मला, अगदी सगळं. आणि मी काय केलं, तर दोन पावलं टाकून त्या दिव्यासमोर उभा राहिलो, हात मागं नेला आणि मेन स्विच पाडला. दिवा विझला.

"काय झालं बे?" काका म्हणाले.

मी बहिणीकडं बघून विचारलं, "एस्केप दाबलंस का तू?"

"हो, दाबलं," ती म्हणाली. खोटं बोलायचं तिला काय कारण होतं?

"चालू कामात बटणाला हात लावू नको म्हणून सांगितलं होतं ना मी?"

"अरे पण आधी ती वाट सोडून गेली की, मग मी..."

"आधी काय आधी? तू हात लावलास म्हणून गेली ती! मध्येच बटण दाबलं की असंच होतं!"

मी इतक्या जोरात ओरडलो की बाजूची गिरणीवाली माणसं डोकावली. बहीण आपल्या बोटांकडं बघायला लागली. त्या दोन-तीन सेकंदांत कुठली गोष्ट आधी आणि कुठली नंतर, हे घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात किती टिकतं? ती हळू आवाजात म्हणाली, "आधी दाबलं का मी?"

काकांनी फळीवरच्या त्या चरीतून बोट फिरवलं. अप्पांनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "चल, घरात जा तू." ती गेली.

खरं म्हणजे तिनं ते बटण दाबलं म्हणून बाकीची नक्षी तरी वाचली होती. मी दाबलं असतं तर मी गावभर सांगत फिरलो असतो.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी स्वतःला समजावलं की अप्पांना उद्या सांगीन. दुसऱ्या दिवशी वाटलं, काका शांत झाले की सांगीन. तिसऱ्या दिवशी अप्पा उदगीरला जाऊन आलेले होते. बिजवराकडच्यांना होकार देऊन. बहिणीनं विरोध केला नाही. ज्या पोरीनं बापाच्या तोंडावर "मला काम करू द्या" म्हटलं होतं, ती खाली मान घालून "बरं" म्हणाली. वर्ष झालं नव्हतं अजून. पण तिलाच वाटत होतं की आता आपल्याला बोलायला तोंड उरलं नाही.

मी त्या आठवड्यात पत्र्याच्या खोलीचं दार लावून बसलो. ती छोटी वायर काढली. टीव्हीच्या डिशला असते तशी जाळीवाली केबल आणली आणि फॉल्टच्या वायरी मोटारींपासून दूर, वेगळ्या बाजूनं नेल्या. परसात खड्डा खणून मीठ-कोळसा घालून नीट अर्थिंग केलं. बहिणीनं काढून दिलेल्या कागदाप्रमाणेच माळ ओवली. मग गिरणी सुरू व्हायची वाट बघत बसलो. गिरणी सुरू झाली, पट्टा चढला, मशीन चालतच राहिली. मग मुद्दाम आडव्या मोटारीच्या वाटेत लाकडाचा ठोकळा टाकला. मोटार अडली, लाल दिवा लागला आणि तिन्ही मोटारी एकदम गप्प झाल्या. टाचणी पडली तरी ऐकू यावी एवढ्या गप्प. सगळं मिळून अर्ध्या दिवसाचं काम होतं. त्या अर्ध्या दिवसाचा कंटाळा केला होता मी. मी खाली बसलो आणि माझ्या स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली, खरंच मारून घेतली. पण कुणी बघत नसताना मारलेल्या थोबाडीत काय अर्थ असतो?

नवी फळी दोन तुकडे जोडून केली. ती मी स्वतः कोरली. कोरताना एकदा पुन्हा गाठ लागली, मशीन आपणहून उभी राहिली, मी कटर बदलला, पुन्हा सुरू केली, एक रेघही वाकडी गेली नाही. काका बघायला आले तेव्हा खूष होऊन अप्पांना म्हणाले, "बघा अप्पा, पोरीच्या हातातून काढली आन मशीन कशी गुणाला आली. ज्याचं काम त्यानंच करावं."

अप्पांनी मान हलवली. आणि मीही म्हणालो, "हां."

म्हणजे काय झालं बघा. मी मशीन दुरुस्त केली, तोच तिच्याविरुद्धचा पुरावा झाला. ती बसलेली असताना बिघडली, ती उठली आणि सुधारली. आता मी तोंड उघडलं असतं तरी बहिणीला पाठीशी घालतोय असं लोक म्हणाले असते. असं मी तेव्हा स्वतःला सांगत होतो. सोयीचं होतं ते.

दार बसवलं त्या दिवशी मठात माझा सत्कार झाला. शाल, नारळ. स्वामींनी पाठीवरून हात फिरवला. बायकांच्या बाजूला बहीण बसली होती, हळद लागायला दहा दिवस राहिलेले. दारावर तिनं काढलेली वेल, तिनं काढलेला नंदी. टाळ्या वाजल्या तेव्हा ती पण टाळ्या वाजवत होती. आणि उगाच नाही हं, मनापासून. मी नारळ घेऊन खाली उतरलो तेव्हा पायऱ्या दिसत नव्हत्या मला.

लग्नाच्या आदल्या दिवशी ती ट्रंक भरत होती. मी काहीतरी विचारायला खोलीत गेलो. तिनं साडीची घडी तशीच हातात धरून म्हटलं, "अण्णा, एक विचारू का? रागावू नको."

"विचार."

"मी लई आठवून पाह्यलं. रोज आठवते. मला वाटतंय आधी कटर वाट सोडून गेला, मग मी बटण दाबलं. पण तू म्हणतोस आधी दाबलं. मशीन तुझी हाय, तुला नक्की माहीत असंल. आधी का नंतर?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. अप्पा नव्हते, काका नव्हते, कुणाचं भय नव्हतं. ती भांडत नव्हती, नुसतं विचारत होती. मी म्हणालो, "आधी."

"बरं झालं विचारलं," ती म्हणाली. "डोक्यात किडा होता." आणि साडी ट्रंकेत ठेवली.

मी माझ्या आयुष्यात बरीच हलकट कामं केली असतील, पण ह्या एका शब्दाएवढं हलकट दुसरं काही नाही.

तिचा संसार वाईट झाला असं मी म्हणणार नाही. नवरा सरळ माणूस निघाला, सावत्र मुलगी तिला आई म्हणते. मशीन मी पुढं तीन-चार वर्षं चालवली, मग तयार मशिनी स्वस्त झाल्या आणि माझी पुन्हा भंगारात गेली. एकदा मी तिच्याकडं गेलतो. मुलीला परीक्षेचा फॉर्म भरायचा होता, घरात कॉम्प्युटर होता, मुलगी म्हणाली, "आई, तू टाइप करतीस का? तुझं इंग्रजी चांगलंय." बहिणीनं दोन्ही हात पदराखाली घेतले आणि हसत म्हणाली, "नको बाई. माझा हात लागला की मशिनी बिघडतात. विचार मामाला."

मुलगी माझ्याकडं बघून हसली.

दुपारी ती स्वयंपाकघरात एकटी होती तेव्हा मी सांगितलं. छोटी वायर, लाल दिवा, मेन स्विच, सगळं. एका दमात. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे नंतर."

"नंतर."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती पाटावर बसली आणि म्हणाली, "मला कावून सांगतूस हे? मला ठाऊकच होतं की रे. तूच इसरायला लावलंस." मग पदरानं तोंड पुसलं. "अप्पासमोर म्हणाला होतास ना? अप्पासमोर बोल. काका तर गेले. अप्पा हायेत अजून. मी येते सोमवारी. माझ्यासमोर, अप्पाला सांग."

"सांगतो," मी म्हणालो.

ती आली. दोन एसटी बदलून, एकटी, फक्त त्यासाठी. अप्पा तेव्हा ऐंशीच्या पुढं गेलेले, पण कान शाबूत आणि डोकंही. लेक अचानक आली म्हणून त्यांना कोण आनंद झाला. ती त्यांच्या समोर चटईवर बसली, पर्स मांडीवर, चप्पल काढून आली तशी, पाणीसुद्धा न पिता. आणि माझ्याकडं बघू लागली.

अप्पा म्हणाले, "तुझं बरं झालं माय. मला तेव्हा लई घोर होता. त्या मशीनच्या नादात राह्यली असतीस तर जन्म वाया गेला असता."

ती माझ्याकडंच बघत होती. मी म्हणालो, "अप्पा..."

"काय रे?"

म्हातारा माणूस, तोंड वर करून माझ्याकडं बघणारा, मला ह्या गावातला सगळ्यांत हुशार माणूस समजणारा. सगळे शब्द माझ्या जिभेवर तयार होते. घरून घोकलेले होते.

"चहा घेता का?" मी म्हणालो.

अप्पा म्हणाले, "घेऊ की."

बहिणीनं पर्स भिंतीशी ठेवली, उठली आणि आत गेली. स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. तिनं तीन कप आणले, आधी अप्पांना दिला, मग मला. "घे अण्णा," म्हणाली. स्वतःचा उभ्यानंच प्यायली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. पुढच्या उन्हाळ्यात अप्पा वारले.